दुभाषीबुवांचा ओतपुस्त

दुर्ग-भिलाईच्या जुन्या मराठी घरांत एक गोष्ट अजून सांगितली जाते. रशियनांच्या मदतीने पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या काळात कोल्हापूरकडचा एक बिलंदर माणूस ‘मला रशियन येते’ अशी थाप मारून एका ठेकेदाराकडे दुभाष्या झाला. प्रत्यक्षात त्याला पोलंडच्या म्हाताऱ्या बायकांची देवाधर्माची भाषा तेवढी येत होती. त्याने रशियनांचं बोलणं काहीच्या बाही सांगितलं, एका यंत्राचा अख्खा पाया वाया घालवला आणि सुपेल्याच्या बाजारातून शिट्ट्या-पिपाण्या घेऊन पळाला. बारसं असो, लग्न असो, पंगत बसली की ही गोष्ट निघते आणि लोक पोट धरून हसतात. सांगणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं की ही गोष्ट मुळात माझी आहे. मी ती जोडली, घासूनपुसून चकचकीत केली. दुर्गातल्या एका लग्नात मी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा नवरदेवाला ठसका लागला होता आणि मला फार अभिमान वाटला होता.

गोष्ट बरीचशी खरी आहे. जेवढी खोटी आहे तेवढ्यानेच त्या माणसाची नोकरी गेली. तेवढा भाग मला आता परत घ्यायचा आहे. बाकीचा नाही. दुभाषीबुवा हास्यास्पद होते, आणि मेलेल्या माणसाला उगाच थोर करून ठेवण्याची आपल्याकडची सवय मला मान्य नाही.

ठेकेदाराच्या साइट ऑफिसात मी टाइमकीपर होतो. वडील दुर्ग स्टेशनला रेल्वेत, आम्ही मूळ नागपूरकडचे. बुवांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ऐन मे महिन्यात. भिलाईत तेव्हा झाड म्हणून नव्हतं, होती ती लाल धूळ. त्या धुळीतून पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा, कपाळाला गंध आणि गळ्यात लोकरीचा जाड मफलर असा एक ठेंगणा माणूस चालत आला. मफलर पोलंडच्या कुणा आजीबाईने विणून दिलेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. तिच्या फाटकाशी बुवांचं चहा-बिस्किटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं बायका-म्हाताऱ्यांचं, म्हणून बुवांची पोलिशही तसलीच झाली. कुणी शिंकलं तरी ते देवाचं नाव घेत, दार उघडलं तरी घेत. छावणी उठली, आजीबाई गेल्या, मफलर राहिला. भिलाईच्या उन्हात तो गळ्याभोवती का, असं विचारलं की बुवा म्हणत, “म्हातारीला शब्द दिलाय, सर्दी हुऊ द्याची न्हाई.” बारा महिने त्यांना सर्दी असे.

चहा ते बिनदुधाचा, लिंबू पिळून पीत आणि पाहुण्यालाही तोच देत. आमच्या स्टोअरकीपरने पहिल्याच दिवशी कप परत केला. स्टोअरकीपर दुर्गातल्या जुन्या मराठी घरातला, अंगाने भरलेला, संतापी माणूस. “अहो बुवा, दूध नसन तर तसं सांगा. आमी घरून आणू. हे काय पाजून राहिले तुमी?”

“ही पोलंडची रीत हाय.”

“मंग थ्या लोकायले देश सोडून पळा लागला, त्याचं नवल नाई!”

रशियन तज्ज्ञांसमोर बुवा पहिल्या सकाळी गेले तेव्हा मी हजेरीचा फलक घेऊन बाजूला उभा होतो. त्यांनी टाचा जुळवल्या, मान लववली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “न्येख बेंद्झे पोखवालोनी!” छावणीतल्या म्हाताऱ्या भेटल्यावर हेच म्हणत, आणि त्याचा अर्थ येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो. म्हणजे कपाळाला गंध लावलेला हिंदू माणूस देव न मानणाऱ्या सोव्हिएत इंजिनिअरांना सकाळी सकाळी ख्रिस्ताच्या नावाने नमस्कार घालत होता. तरुण इंजिनिअर एकमेकांच्या अंगावर पडून हसले. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, ज्याला आम्ही ‘थोरला’ म्हणत असू, त्याचा हात मात्र आपोआप वर गेला, त्याने टोपी काढली आणि मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत पुन्हा घातली. त्या दिवसापासून थोरल्याने बुवांना धरून ठेवलं. रोज संध्याकाळी दोघं लाकडी फळ्यांवर बसत आणि थोरला त्यांना शब्द-शब्द रशियन शिकवी. बुवा शिकले. हे गोष्टीत नाही. मीच काढून टाकलं, कारण त्याने हशा कमी होतो.

बुवांचा खरा जीव एका शब्दावर होता. ओतपुस्त. दिवसातून एकदा तरी तो यायचाच. आमच्या मॅनेजरने चकचकीत जांभळा टाय बांधला, की बुवा माझ्या कानाशी पुटपुटत, “बघ, ओतपुस्तचा माल.” सुपेल्याच्या चौकात तेव्हा चार-दोन टपऱ्या होत्या. तिथे बसून एकदा त्यांनी स्टोअरकीपरला आणि मला त्या शब्दाचा सगळा इतिहास ऐकवला. आम्ही विचारला नव्हता.

“पयल्यांदा हा शब्द त्यांच्या चर्चात. पाप केलंस, कबूल केलंस, माफ झालं. पर शिक्षा ऱ्हातीच की! ती शिक्षा देव सोडून देतो, ती सूट म्हंजे ओतपुस्त. सूट कवा मिळायची? गावच्या सणाला. सणाला माणसं आली म्हंजे दुकानं आलीच. मग लोक त्या जत्रंलाच ओतपुस्त म्हणाय लागली. जत्रंत काय मिळतंय? टिनच्या शिट्ट्या, काचमणी, साखरंची बदामं. मग असल्या मालाला ओतपुस्तचा माल. शेवटी शेवटी कुणी भडक पातळ नेसून आली, तरी म्हाताऱ्या नाक मुरडायच्या, हे काय ओतपुस्त!”

“म्हंजे देवापासून निघाला अन् सुपेल्यात येऊन पडला,” स्टोअरकीपर म्हणाला. “थ्या लोकायचं असंच.”

“आपलं काय न्यारं हाय? प्रसाद कुठं मिळतो? देवळात. आन् बाप पोराच्या पाठीत देतो तो बी प्रसादच. साहेबाला चिकटवत्यात ती दक्षिणा. आन् तू सांजच्याला पडद्याआड घेतोस, ते तीर्थ कुठल्या नदीचं म्हणायचं?”

स्टोअरकीपरने चहा तसाच टाकला आणि उठून गेला. बुवा मागून ओरडले, “लेका, शब्दाचं सांगत होतो, तुझं न्हाई!” खरं तर त्याचंच सांगत होते.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर बुवा सुपेल्याच्या बाजारात गेले आणि पिशवी भरून कचरा घेऊन आले. पोलंडमध्ये त्या दिवशी मेरीमातेचा मोठा सण असतो आणि गावोगाव ओतपुस्त भरतो. आमच्याकडे स्वातंत्र्यदिन, त्यामुळे बुवा देशप्रेमाने बाजार करताहेत असा सगळ्यांचा समज झाला. मग ते एकेकाकडे गेले. स्टोअरकीपरला त्यांनी कागदी पिपाणी दिली. माझ्या आईला पंखा दिला, ज्यावर मोर होता आणि मोराला तीन पाय होते. आणि प्रत्येकाला नियम सांगितला.

“वर्षभरात ज्याचं वाईट केलं, त्याला जत्रंतली एक वस्तू द्याची. भारीतली न्हाई, रद्दीच पायजे. देणाऱ्यानं काय केलं ते सांगायचं न्हाई. घेणाऱ्यानं इचारायचं न्हाई. घेतलं की सुटलं.”

पुढे कित्येक वर्षांनी पोलंडहून आलेल्या एका इंजिनिअरबाईंना मी या शब्दाबद्दल विचारलं. बुवांनी सांगितलेले सगळे अर्थ त्यांनी खरे म्हणून सांगितले, अगदी भडक पातळापर्यंत. पण हा देण्याघेण्याचा आणि गप्प राहण्याचा नियम त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. एका टोकाला माफी आणि दुसऱ्या टोकाला जत्रा, अशी एका शब्दाची दोन टोकं बुवांनी आपल्या हाताने गाठ मारून बांधली होती. जगाच्या पाठीवर ही चाल पाळणारं गाव एकच, भिलाई. आणि तिथेही पाळणारा माणूस एकच.

चाल दिसायला गोड होती, परिणाम भयंकर झाले. विचारायचं नाही म्हटल्यावर माणसाला दुसरं काही सुचतच नाही. स्टोअरकीपर पिपाणी घेऊन घरी गेला आणि बुवांनी आपलं काय वाईट केलं असेल, याचा शोध घेऊ लागला. आधी कुलपं तपासली. मग मॅनेजरकडे कुणी चहाडी केली का ते काढलं. मग त्याला बायकोचा संशय आला आणि ती रागाने उतईला माहेरी निघून गेली. तिला आणायला गेला तर सासऱ्याशी भांडण झालं, कारण सासऱ्याने हसून विचारलं, “जवाई, पिपाणी वाजवून पायली काय?” टपरीवरच्या तीर्थाच्या बोलण्याबद्दल ती पिपाणी असेल, हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. माझी आई तर आठवडाभर मोराचे पाय मोजत बसली.

“कावून देल्ला थ्यानं मले पंखा? मी त थ्याले दोनदा जेवू घातलं!”

“विचारायचं नाही आई, नियम आहे.”

“नियम गेला चुलीत. माया वड्याले नावं ठेवली असन थ्या कोल्हापूरवाल्यानं. सांगजो थ्याले, मले समजलं मनून.”

मी बुवांना सांगितलं नाही. पण पुढच्या वेळी आईने केलेला वडा त्यांनी तीनदा मागून घेतला, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोर पकडला.

आता गोष्टीचा खोटा भाग. तो छोटा आहे, एका खोलीत मावतो.

बुवांना नोकरीवर घेतलं तेव्हा त्या खोलीत तिघंच होतो. मॅनेजर, बुवा आणि कोपऱ्यात मी. मॅनेजर रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, बोलण्यात निम्मी हिंदी. त्यांनी विचारलं, “रशियन येते ना तुम्हाला?”

बुवा म्हणाले, “न्हाई साहेब. पोलिश येतंय.”

“ते काय वेगळं असतं?”

“मराठी आन् गुजराती येगळी असंल तर येगळं.”

“अहो, माझी सासुरवाडी सुरतची आहे. मला सगळी गुजराती समजते. एकच बात आहे! उद्यापासून या.”

“साहेब, मी पुन्यांदा सांगतो, मला रशियन—”

“शिकून घ्या हो. टाइम पे या म्हणजे झालं.”

असा हा थापाड्या माणूस नोकरीला लागला.

पुढे आमच्या ठेकेदाराकडे एका यंत्राच्या पायाचं काम होतं. काँक्रीट ओतलं होतं, ते घट्ट होईपर्यंत भोवती आधाराच्या फळ्या लावलेल्या होत्या. थोरल्याने सुट्टीवर मायदेशी जाण्याआधी बुवांना बजावलं होतं की मी निरोप पाठवल्याशिवाय फळ्या काढायच्या नाहीत. सुट्टीला रशियनमध्ये जो शब्द आहे तो ओतपुस्तच्या अगदी जवळचा, दोघांचं मूळ सोडून देण्यात. बुवांना त्याचा इतका आनंद झाला की थोरल्याला गाडीत बसवताना त्यांनी त्याला सगळी व्युत्पत्ती ऐकवली. पण निरोप त्यांनी बरोबर आणला आणि माझ्यासमोर मॅनेजरना सांगितला. मॅनेजरना मात्र घाई होती. कुणी मोठा पाहुणा साइट बघायला येणार होता आणि त्याला पाया उघडा, गुळगुळीत दाखवायचा होता.

“फळ्या काढा,” मॅनेजर म्हणाले.

बुवा फळ्यांना पाठ लावून उभे राहिले. गळ्यात मफलर, अंगाला घाम. “साहेब, थोरल्यानं न्हाई म्हटलंय.”

कामावरच्या छत्तीसगढी बायका घमेली खाली ठेवून बघत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “का कहत हे, महराज?”

“काही नाही कहत,” मॅनेजर म्हणाले. “यांना रशियन येत नाही, पोलिश येते. बाजूला व्हा बुवा. गरीब माणसांचा खाडा होतोय.”

बुवा बाजूला झाले. फळ्या निघाल्या. पाहुणा आला तेव्हा पायाचा एक कोपरा ढासळून खाली आला होता आणि आतले बोल्ट वाकडे, एखाद्या म्हाताऱ्याच्या दातांसारखे दिसत होते. मग तो अख्खा पाया छिन्नी-हातोड्यांनी फोडावा लागला. दिवसचे दिवस ठाकठाक चालू होतं आणि ज्या बायकांनी काँक्रीट डोक्यावर वाहिलं होतं, त्याच आता त्याचे तुकडे वाहत होत्या.

ठेकेदार स्वतः चौकशीला आला. मॅनेजरनी सांगितलं की दुभाष्याने निरोपच उलटा दिला, आणि देणारच, कारण त्याला रशियन येतच नव्हती, येते म्हणून खोटं सांगून तो कामाला लागला होता. थोरला सुट्टीवर, त्यामुळे विचारायला कुणी नाही. बुवा म्हणाले, “मी खोटं बोललो न्हाई. हा टाइमकीपर होता की खोलीत. इचारा.”

ठेकेदार माझ्याकडे वळला. “क्यों, हा खरं बोलतो का?”

वडील त्याच वर्षी निवृत्त होणार होते, रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं आणि मॅनेजरनी माझं नाव कारखान्यातल्या पक्क्या नोकरीसाठी पुढे करायचं कबूल केलं होतं. हे मी कारण म्हणून सांगतो, माफीनामा म्हणून नाही. अशी कारणं त्या ऑफिसात सगळ्यांकडेच होती.

मी म्हणालो, “साहेब, मला आठवत नाही.”

एवढंच. माझ्या आयुष्यात मला इतकं स्पष्ट दुसरं काही आठवत नाही.

बुवा माझ्याकडे रागाने पाहतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसता मफलर सारखा केला. नोकरी गेली, खोली सोडायचा हुकूम झाला. कोल्हापूरकडचा खोटारडा म्हणून साइटवर पोरंटोरंसुद्धा त्यांच्या मागे ‘एकच बात आहे’ ओरडू लागली. ते वाक्य त्यांचं नव्हतं, मॅनेजरचं होतं. ते बुवांच्या तोंडी घालण्याचं कामही मीच केलं होतं.

आणि मग पुढच्या वर्षीचा पंधरा ऑगस्ट आला. बुवांची गाडी त्याच दिवशीची होती. सकाळी झेंडावंदन झाल्यावर मी सुपेल्याला गेलो आणि एक टिनची शिट्टी घेतली. लाल रंगाची, आत दाणा असलेली. रंग हाताला लागत होता. अगदी ओतपुस्तचा माल. स्टेशनवर जाऊन द्यायची, गप्प राहायचं, संपलं. पण मी घरी पोचलो तर बुवा आधीच येऊन बसलेले. ट्रंक दाराशी आणि आई त्यांच्या समोर चहा ठेवते आहे.

“ये लेका,” बुवा म्हणाले. “म्हटलं जाता जाता मावशीला भेटावं.”

मी बसलो. शिट्टी सदऱ्याच्या खिशात होती. बसताना तिच्यातला दाणा खुळखुळला.

बुवांनी कप उचलला. ते रिकाम्या हातांनी आले होते, पिशवी नाही, काही नाही. म्हणजे ते आमचं काही देणं लागत नव्हते. ते घ्यायला आले होते. त्यांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

“घ्या अजून, भाऊ,” आई म्हणाली.

“द्या.”

त्यांनी दुधाचा चहा, ज्याला ते जनावरांचं पेय म्हणत, पुन्हा प्यायला. मी हलत नव्हतो. श्वाससुद्धा वरच्यावर घेत होतो. शिट्टी दिली म्हणजे मी काहीतरी वाईट केलं हे कबूल झालं, आणि तेही आईसमोर. आई मला विचारल्याशिवाय राहणार नाही, तिला नियम चुलीत घालायची सवय. आईने साखर मागितली, मी द्यायला वाकलो आणि दाणा पुन्हा वाजला.

“काय वाजून राहिलं रे तुया खिशात?”

“काही नाही.”

“काई नाई कसं? खुळखुळून राहिलं ना!”

“किल्ल्या आहेत.”

बुवांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. खिशाला लाल रंग लागला होता. त्यांनी तिसरा कप मागितला. तोही संपला, घड्याळात गाडीची वेळ झाली. ते उठले, आईला वाकून नमस्कार केला आणि दाराशी मला म्हणाले, “किल्ल्या जप हां, लेका.”

करकर वाजत वहाणा गल्लीतून गेल्या. मी स्टेशनवर गेलो नाही.

त्याच हिवाळ्यात मी पक्का झालो, आणि त्यानंतरच्या लग्नसराईत ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. माणूस हास्यास्पद ठरला की त्याच्यावर झालेला अन्याय कुणी शोधत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. मी ती दरवर्षी थोडी वाढवत गेलो. ‘शिट्ट्या घेऊन पळाला’ हे त्यातलंच.

निवृत्त झाल्यावर मी एकदा वळिवड्याला गेलो. मुद्दाम पंधरा ऑगस्टला. छावणीच्या जागेच्या आसपास आता कापडाचा मोठा बाजार आहे आणि त्यात बुवांच्या मुलाचं दुकान होतं. बुवा दाराशी खुर्चीवर बसलेले, दात गेलेले, मफलर गळ्यात. तोच की दुसरा, सांगता येत नाही. मी शिट्टी काढली. रंग सगळा उडाला होता. त्यांनी ती घेतली, कानाशी हलवली, दाणा वाजला आणि त्यांचा चेहरा उजळला.

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर पंगतींत बोलत आलेला माणूस मी. म्हणालो, “बुवा, त्या दिवशी चौकशीत ठेकेदाराने मला विचारलं तेव्हा मी—”

“गप.”

“नाही, मला सांगू द्या. मला सगळं आठवत होतं. मॅनेजरनी मला नोकरीचं—”

बुवांनी शिट्टी माझ्या हातात परत ठेवली.

“मोडलास नियम.”

“पण मला सांगायचं होतं.”

“तुला सांगायचं हुतं. मला ऐकायचं न्हवतं. मी चांगला तीन कप दुधाचा च्या पिऊन बसलो हुतो, तवा सांगायचं न्हवतं, नुसतं द्याचं हुतं. आता तू सांगून मोकळा, आन् मी ऐकून भरलो. ह्यो ओतपुस्त न्हवं.” मग म्हणाले, “फुडल्या साली ये. त्वांड बंद ठिवून.”

आणि त्यांनी मला लिंबाचा चहा पाजला. भयंकर होता.

पुढच्या वर्षी मी गेलो. गाडीत कुणाशी बोललो नाही, स्टेशनवर हमालाशीही खुणांनीच. सवय व्हावी म्हणून. दुकानाशी खुर्ची नव्हती. आत भिंतीवर फोटो होता, त्याला चंदनाचा हार. फोटोतही मफलर.

बुवांचा मुलगा गल्ल्यावरून उठला. “कोण पायजे, आजोबा?”

मी फोटोकडे हात केला.

“वडील उन्हाळ्यात गेलं. तुमी भिलाईचं काय?”

मी मान हलवली. तोंड उघडलं नाही. रडू येत होतं, तेही दाबलं. मुलगा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, वाट पाहत असल्यासारखा. मग त्याने कापडाच्या ताग्यांमागून एक भिंगरी काढली. प्लॅस्टिकची, लाल आणि पोपटी, जत्रेत काठीला टोचलेल्या असतात तसली.

“वडील सांगून गेल्यात. भिलाईचा एक म्हातारा येईल. बोलाय लागला तर च्या पाजून वाटंला लावायचा. गप ऱ्हायला तर हे द्याचं.”

मी घेतली. नियमाप्रमाणे विचारता येत नव्हतं.

माझी शिट्टी तशीच राहिली, घेणारा उरला नाही. मुलाला देता आली नसती, त्याचं मी काही वाईट केलं नव्हतं. तोंड बंद ठेवण्याचा नियम आम्हा दोघांपुरता होता आणि मी तो पाळायला फार उशिरा शिकलो. पण गोष्ट मी गावभर सांगितली होती. ती गावभरच परत घ्यायला हवी, म्हणून हे लिहिलं. दुर्ग-भिलाईत यापुढे कुणी ती सांगितली तर मफलर राहू द्या, लिंबाचा चहा राहू द्या, ख्रिस्ताचा जयजयकारही राहू द्या. फक्त तो म्हणाला होता ‘न्हाई साहेब, पोलिश येतंय’, हे आधी सांगा. आणि मग हसा.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. खिशात शिट्टी, हातात भिंगरी. गाडीने वेग घेतला तशी ती गरगर फिरू लागली आणि मी स्टोअरकीपरसारखा हिशेब मांडू लागलो. या माणसाने माझं काय वाईट केलं असेल? कधी? चहा पिताना? मला गप्प बसवताना? की त्या खोलीत, माझ्याकडे बोट दाखवून ‘इचारा’ म्हणताना? अजून मांडतो आहे.

समोरच्या बाईंनी हसून विचारलं, “नातवासाठी घेतली का?”

मी काही बोललो नाही.